थोरल्यांची बाटली

सकाळपासून सगळं घर रक्त द्यायला बाह्या वर करून रुग्णालयाच्या बाकावर बसलं होतं. मध्ये थोरले, त्यांच्या एका हाताला थोरली, दुसऱ्या हाताला त्यांचा मुलगा, ज्याला घरात सगळे पैलवान म्हणत, आणि जरा फटकून, खिडकीपाशी, धाकट्यांची लेक. धाकटी तेवढी उभी होती. ती शेजारी बसली की थोरले तिला काहीतरी समजावून सांगायला लागत, म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने ही युक्ती शोधून काढली होती. उभ्या माणसाला उपदेश करायला मान वर करावी लागते, आणि थोरल्यांना मान वर करायची सवय नव्हती.

उद्या धाकट्यांचं, म्हणजे थोरल्यांच्या भावाचं, ऑपरेशन होतं. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ. ती आतल्या आत झिरपत राहिली होती आणि कारखान्यात खुर्च्यांना रंधा मारता मारता माणूस पिवळाफटक पडत गेला होता. तरी सर्जनबाईंनी लगेच सुरी लावली नाही. आधी सलाईनमधून लोह द्यायचं, अंगातलं रक्त अंगातच वाढू द्यायचं, मग ऑपरेशन, असं त्यांनी ठरवलं. त्यावरून घरात केवढं रणकंदन झालं होतं! रक्ताच्या दोन बाटल्या चढवा आणि काढून टाका ती गाठ, असं थोरल्यांचं म्हणणं. लेकीचंही तेच. काका आणि पुतणी एका बाजूला, असं त्या घरात प्रथमच घडलं होतं, कारण एरवी त्या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. लेकीला खुर्च्यांचं स्वतःचं वेगळं दुकान काढायचं होतं आणि थोरल्यांना ते मुळीच मान्य नव्हतं.

आता लोह देऊन झालं होतं. धाकट्यांच्या ओठांवर पुन्हा रंग आला होता. सर्जनबाईंनी सगळ्यांना आत बोलावलं तेव्हा धाकटे आधीच तिथे येऊन खुर्चीचा सांधा बोटाने चाचपत बसले होते.

"बाई, आम्ही सगळे हजर आहोत," थोरले म्हणाले. "कुणाचं हवं त्याचं घ्या. पण आधी माझं. तसंही ह्याच्या अंगात माझंच रक्त आहे."

झालं! धाकटीने छताकडे पाहिलं. हे वाक्य तिने किती वेळा ऐकलं असेल त्याला सुमार नव्हता. धाकटे विशी-बाविशीचे असताना चक्री करवतीत त्यांचा दंड सापडला होता. मरता मरता वाचले. तेव्हा थोरल्यांनी धावत जाऊन एक बाटली रक्त दिलं. एकदाच दिलं, पण ते जन्मभर वसूल केलं. शोरूममध्ये गादीवर थोरले आणि मागच्या भुशात धाकटे, का? तर माझं रक्त आहे त्याच्या अंगात. नदीपलीकडे धाकट्यांना स्वतंत्र कारखाना काढायचा होता, जागासुद्धा पाहून ठेवली होती. थोरले जेवता जेवता एवढंच म्हणाले, "माझंच रक्त, आणि माझ्यापासूनच फुटतंय." दुसऱ्या दिवशी धाकट्यांनी जागा सोडून दिली. त्या दिवसापासून धाकटीच्या मनात त्या बाटलीचा जो राग बसला तो बसलाच.

"तुम्ही आलात ते चांगलं केलंत," सर्जनबाई म्हणाल्या. "पण मी उद्या शक्यतो रक्त देणार नाहीये."

थोरलीने आ वासला. "अहो, रक्ताने कधी कुणाचं वाईट झालंय का? इथे भिंतीभिंतीवर तर लिहून ठेवलंय, रक्त द्या, जीव वाचवा."

"खरंच लिहिलंय. रक्त नसतं तर मी सुरी हातात धरली नसती. पण कॅन्सरच्या ऑपरेशनचं जरा वेगळं आहे. परक्याचं रक्त आत गेलं की शरीरातले पहारेकरी काही काळ सुस्तावतात. गाठ काढताना एखादी पेशी सुटून इकडेतिकडे गेली असेल, तर तिला गाठायला नेमके तेव्हाच पहारेकरी जागे हवेत. ऑपरेशनच्या वेळी ज्यांना रक्त द्यावं लागलं, त्यांच्यात जंतुसंसर्ग जास्त दिसतो आणि गाठ पुन्हा उगवण्याचं प्रमाणही जास्त दिसतं."

"म्हणजे रक्तामुळेच गाठ परत येते?" लेकीने विचारलं.

"तेच तर छातीठोकपणे सांगता येत नाही गं. ज्याला रक्त लागतं त्याची गाठ बहुधा मोठी असते, ऑपरेशन लांबलेलं असतं, माणूस मुळातच खंगलेला असतो. मग दोष रक्ताचा, की बाकी सगळ्याचा? ह्यावर अजून भांडणं चालू आहेत. त्यांचा निकाल लागेपर्यंत मी कंजूषपणा करते. लागलंच तर एक बाटली द्यायची, थांबायचं, बघायचं. तरीही लागलं तरच दुसरी."

 लेकीने खिडकी सोडली आणि येऊन आईच्या शेजारी उभी राहिली. थोरल्यांनी ते पाहिलं. त्यांच्या बाजूचं एक माणूस कमी झालं होतं.

"पण लागलंच, तर ते माझं," थोरले म्हणाले. "भावाचं रक्त परकं थोडंच?"

"भावाचं तर नकोच. ते इतकं मिळतंजुळतं असतं की कधीकधी शरीर त्याला परकं म्हणून ओळखतच नाही. मग ते आत ठाण मांडून बसतं आणि घरच्यावरच उलटतं. फार क्वचित होतं, पण झालं तर माणूस हाती लागत नाही. मला अनोळखी माणसाचंच रक्त बरं."

आत ठाण मांडायचं आणि घरच्यावर उलटायचं! धाकटीला इतकं हसू आलं की तिला पदर तोंडाशी न्यावा लागला. लेकीने तिला कोपराने ढोसलं. थोरल्यांचा चेहरा मात्र कुणी भर बाजारात टोपी उडवावी तसा झाला होता.

आणि मग धाकटे बोलले. ते चार माणसांत फारसे बोलत नसत, त्यामुळे सगळे वळले.

"बाई, मग असं करा. रक्त नकोच. एकही बाटली नको. लागलं तरी नको."

"मी 'शक्यतो नको' म्हणाले," बाई म्हणाल्या.

"मी 'नको' म्हणतोय."

"आत काय सापडेल ते मला आज दिसत नाही. एखादी रक्तवाहिनी हट्टाला पेटली तर मी हात बांधून उभी राहू का? तुम्ही टेबलावर संपाल."

"संपेन."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काही जणांची श्रद्धा असते, ते रक्त घेत नाहीत. तसं काही आहे का?"

"नाही. घ्यायचं नाही एवढंच."

"मग मला ह्याचं कारण समजलं पाहिजे. कारण न कळता मी असं ऑपरेशन करणार नाही. संध्याकाळपर्यंत विचार करा. तोवर तुमचं नाव उद्याच्या यादीत ठेवते."

बाहेर येताच सगळ्यांच्या तोंडाला तोंड लागलं. थोरली म्हणाली, डॉक्टरांनीच भलतंसलतं सांगून त्याच्या डोक्यात भरवलं. लेक म्हणाली, काकू, त्यांनी उलटंच सांगितलं. पैलवान म्हणाला, काकांना धरून झोपवू आणि देऊ बाटली, त्यात काय एवढं! त्यावर त्याच्या आईनेच त्याला गप्प बसवलं, कारण सकाळी कापसावर लालसर औषध पाहूनच हा गडी भिंतीला टेकला होता.

धाकटी नवऱ्याच्या मागोमाग खोलीत गेली. दार लोटून घेतलं.

"काय चाललंय तुमचं? जिवाशी खेळ?"

"बाईच म्हणाल्या ना, रक्त वाईट."

"मला शिकवू नका. मी पण तिथेच होते. खरं बोला."

धाकटे पलंगाच्या काठावर बसले. मनगटावरची पट्टी फिरवत राहिले. मग म्हणाले, "एका बाटलीपायी माझा उभा जन्म गेला. आता दुसरी घेतली, की पोरीचाही जाईल."

"अहो, ती भाऊजींची नसणार! ऐकलंत ना तुम्ही?"

"कुणाचीही असो. दादा सगळ्यांना घेऊन आलाय. उद्या म्हणेल, मी होतो म्हणून सोय झाली. माझ्या शब्दावर मिळाली. तो म्हणेल आणि मी मान खाली घालेन. मला सवय लागलीय गं मान खाली घालायची. मी स्वतःला ओळखतो." त्यांचा आवाज चिरकला. "ह्या खेपेला कुणाचं काही न घेता उठलो तर उठलो. नाहीतर नाही."

धाकटीला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. काय माणूस हा! मरणाची भीती नाही, भीती कशाची तर उपकाराची. तिने त्यांचा खांदा घट्ट धरला, सोडला, आणि ती थोरल्यांना शोधायला निघाली. आज त्यांच्या तोंडावर बोलायचं, काय व्हायचं ते होवो.

थोरले तळमजल्यावर रक्तपेढीत सापडले. नको म्हटलेली गोष्ट करायचीच, हा त्यांचा जुना खाक्या. बाही वर करून ते स्टुलावर बसले होते आणि काचेच्या पट्टीवर त्यांच्या बोटाचे थेंब घेतलेली मुलगी पट्टी हलवत होती.

"वरच्या मजल्यावरच्या पेशंटसाठी," थोरले तिला बजावत होते. "माझा सख्खा भाऊ. गट जुळतोच आमचा. पूर्वी एकदा दिलंय मी त्याला."

"पेशंटचा गट कुठला?"

"ओ," धाकटी दारातून म्हणाली. गेले कित्येक दिवस ती तो नवऱ्याच्या मनगटावर वाचत होती.

"मग ह्यांचं नाही चालायचं," मुलगी पट्टीकडे बघत म्हणाली. "ह्यांचा बी आहे."

"चूक आहे," थोरले म्हणाले. "पुन्हा बघ."

मुलीने बिनतक्रार पुन्हा बोट टोचलं. पुन्हा बी.

"बी-वाल्याचं ओ-वाल्याला दिलं तर काय होतं?" धाकटीने विचारलं. उत्तर तिला हवंही होतं आणि नकोही होतं.

"बाई गं, जिवावर बेतेल! असं कुणी देतच नाही."

"पूर्वीसुद्धा?"

"पूर्वीसुद्धा गट बघायचेच की. घरच्या माणसाचं पेढीत जमा करायचे आणि जुळणारं दुसरं पेशंटला द्यायचे. घरच्यांना वाटायचं आपलंच गेलं. तुमचं घ्यायचं का, काका? दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल."

थोरले उठले. कापूस बोटावर दाबायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. जिन्याशी येऊन ते पहिल्याच पायरीवर मटकन बसले आणि धाकटी त्यांच्यासमोर उभी राहिली.

ह्या क्षणाची तिने जन्मभर वाट पाहिली होती म्हणा ना. असं काहीतरी हाती लागावं की ह्या माणसाची बोलती बंद व्हावी! आणि आता लागलं होतं. वर जाऊन चारचौघांत नुसतं एक अक्षर उच्चारायचं, बस. जीभ शिवशिवत होती तिची. पण समोर बसलेला माणूस एकदम इतका म्हातारा दिसायला लागला होता, की तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"त्याला सांगू नकोस," थोरले म्हणाले.

"मी सांगून उपयोगही नाही, भाऊजी. त्यांना वाटेल, ही टपलेलीच होती." ती खाली बसली. त्यांच्या शेजारी, त्याच पायरीवर. "तुम्हालाच सांगावं लागेल."

"मी? का म्हणून?"

"ते रक्त का घेत नाहीत, ठाऊक आहे? तुमची एक बाटली त्यांना जड झालीय म्हणून. दुसऱ्यांदा मिंधं होण्यापेक्षा मेलेलं बरं, म्हणताहेत. माझ्याशी बोलले आत्ता. आणि बाई म्हणतात, असं असेल तर मी ऑपरेशन करणार नाही. म्हणजे गाठ राहणार, वाढणार. पुढचं मी तोंडाने बोलत नाही."

थोरल्यांनी आपला हात उलटवून पाहिला. बोटावर रक्ताचा बारीक थेंब सुकला होता.

"अगं, मी दिली होती," ते म्हणाले. "खोटं नाही बोललो मी. करवत लागली तेव्हा मी त्याला खांद्यावर टाकून पळत नेलं. माझा सदरा भिजला होता सगळा. मला म्हणाले झोपा, मी झोपलो. बाटली भरताना मी पाहिली."

"माहीत आहे."

"मग त्यानंतर जे काही... माझ्याकडे दुसरं काय होतं? हात त्याचे. लाकूड त्याला कळायचं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की विचारायचं, ही कुणी केली? माझ्याकडे ती एक बाटलीच होती."

 इतक्या वर्षांत हा माणूस खरं बोलताना धाकटीने आज पहिल्यांदा ऐकलं होतं. "चला," ती म्हणाली. "संध्याकाळ होत आली."

खोलीत लेक वडिलांच्या पायाशी बसली होती. थोरल्यांना पाहून ती उठायला लागली, तर ते म्हणाले, "बस. तू पण ऐक." मग पलंगाच्या दांडीला धरून, भावाकडे न पाहता त्यांनी सांगून टाकलं. गट बी. पूर्वीही बीच असणार. तुझ्या अंगात माझ्या रक्ताचा थेंब नाही. कधीच नव्हता.

धाकटे आधी हसले. त्यांना वाटलं, दादाचं काहीतरी नवीन. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, तिने मान हलवली, आणि त्यांचं हसू उतरत गेलं.

"मग कुणाचं होतं?"

"कोण जाणे! कुणी देऊन गेला असेल बिचारा."

"आणि नदीपलीकडची जागा?" धाकट्यांचा आवाज चढला. भावावर चढलेला तो आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. "ती मी कशासाठी सोडली? पोरीला तू चारचौघांत दटावलंस, मी गप्प बसलो, ते कशासाठी? सांग ना! माझं अख्खं आयुष्य तू असं... एका..." त्यांना धाप लागली. लेकीने पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"पण बाटली मी दिली रे," थोरले म्हणाले. "गेली दुसऱ्या कुणाला, पण दिली तुझ्यासाठीच."

"ते मला ठाऊक आहे. देण्याचं दुःख नाही, दादा. दिलंस आणि रोज आठवण करून दिलीस, त्याचं आहे."

थोरल्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते लपवलं नाही, पुसलंही नाही. "आता तरी घे रे रक्त," ते म्हणाले. "कुणाचंही घे. मी जवळसुद्धा येणार नाही. पण घे."

धाकट्यांनी लेकीच्या हातातलं पाणी आता घेतलं. पिऊन झाल्यावर म्हणाले, "पोरी, बाईंना बोलव. लागलं तर द्या म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा त्याच बाकावर बसले.  थोरलीने एकदा चहा आणला आणि कधी नव्हे ते आधी धाकटीच्या हातात पेला दिला. दुपार कलल्यावर सर्जनबाई बाहेर आल्या. टोपीखाली कपाळावर दोरीचा वळ उठला होता.

"गाठ निघाली. पूर्ण निघाली. एका ठिकाणी चिकटली होती, तिथे रक्त गेलं. एक बाटली द्यावी लागली. दुसरी आणून ठेवली होती, पण थांबले, बघितलं, नाही लागली. परत पाठवली."

"मग आता," धाकटीने पुढे होत विचारलं, "त्या एका बाटलीने गाठ पुन्हा येईल का हो?"

"येईल असं मी म्हणू शकत नाही. येणार नाही असंही नाही. तपासण्या करत राहू. एवढं सांगते, ती दिली नसती तर मी आत्ता तुमच्याशी वेगळं काहीतरी बोलत असते."

धाकटे शुद्धीवर आले तेव्हा एकेकाला आत सोडत होते. धाकटी गेली. त्यांचे ओठ सुकले होते, तिने ओल्या कापसाने पुसले.

"दिलं का रक्त?"

"एक बाटली."

"कुणाची?"

"नाव नसतं हो त्याच्यावर."

त्यांनी डोळे मिटले. तिला वाटलं झोपले. पण ते पुटपुटले, "म्हणजे कुणी मागायला येणार नाही," आणि त्यांचा चेहरा इतका निवांत झाला, की धाकटीला तिथेच हुंदका फुटला. मग डोळे न उघडताच ते म्हणाले, "दादाला सांग, पोरगी दुकान वेगळं काढतेय. विचारत नाहीये मी. सांगतोय."

तिने बाहेर येऊन जसंच्या तसं सांगितलं. थोरल्यांचं तोंड उघडलं, ओठ सवयीने हलले, पण त्या तोंडात आता म्हणण्याजोगं काही उरलं नव्हतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"कुठे काढतेस?"

"अजून बघतेय, काका."

"ओल लागणारी जागा घेऊ नकोस. लाकूड फुगतं," ते म्हणाले, आणि बाकावरून उठून व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले. थोरली त्यांच्यामागे जायला निघाली, तर धाकटीने तिला हाताने थांबवलं आणि ती स्वतः गेली.

दोघं खालच्या फाटकातून आत येणारी, बाहेर जाणारी माणसं बघत राहिली.

"मी दिलेली ती बाटली," थोरले हळूच म्हणाले, "ती ज्याला गेली असेल, तो वाचला असेल का गं?"

"वाचला असेल की," धाकटी म्हणाली. "आणि सुखातही असेल, भाऊजी. त्याला तुमचं नाव ठाऊक नाही ना."

थोरल्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते हसायला लागले. हसता हसता त्यांना कठड्याला धरावं लागलं, आणि धाकटीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.